रेल्वेच्या जुन्या हातबत्तीतील फिरती रंगीत काच : एलईडी लावल्यावर हिरवा प्रकाश निळा का दिसतो?

प्रश्न

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या रेल्वेसाहित्याचे छोटे प्रदर्शन भरणार असून त्यासाठी एका कुटुंबाने रॉकेलवर चालणारी जुनी हातबत्ती दिली आहे. बत्तीचे अंग पत्र्याचे आहे, पुढे जाड फुगीर भिंग आहे, मागे मूठ आहे आणि वरचे धुरांड्याचे टोपण फिरवले की आतले नळकांडे फिरून भिंगासमोर लाल काच, हिरवी काच किंवा मोकळी खिडकी येते. अंगावर 'जी.आय.पी.आर.' ही अक्षरे ठोकलेली आहेत.

वाचनालयात रॉकेल पेटवणे योग्य नसल्यामुळे मी बर्नर काढून त्याच्या जागी बाजारात मिळणारा साधा पांढरा एलईडी दिवा बसवला. मोकळ्या खिडकीतून प्रकाश छान पडतो, परंतु हिरवी काच समोर आणली की प्रकाश स्पष्ट निळसर दिसतो आणि लाल काचेतून तर फारच मंद दिसतो. ही हिरवी काच नंतर कोणी बदललेली असावी का? शिवाय आतले नळकांडे जागेवर थांबत नाही. लाल आणि हिरव्याच्या मधेच कुठेतरी सरकून राहते. बत्तीचे वय कसे ठरवावे, हेही जाणून घ्यायचे आहे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी गावातून मिरवणूक निघणार आहे आणि त्यात जुन्या जीपच्या पुढच्या बाजूला ही बत्ती लावून रंग बदलून दाखवावेत, अशी काही मित्रांची सूचना आहे. त्याबद्दलही मत द्यावे.

पहिले उत्तर (सिग्नल विभागात काम केलेले सदस्य)

काच बदललेली नाही, असे तुमच्या वर्णनावरून मला वाटते, आणि कृपा करून ती बदलूही नका. रॉकेलच्या बत्तीतील हिरवी काच हातात घेऊन दिवसाच्या उजेडात पाहिली तर ती निळसर हिरवीच दिसते. ती तशी मुद्दाम बनवलेली असते.

रॉकेलची ज्योत प्रकाश देते ती तिच्यातील काजळीचे कण तापून लाल-पिवळे होतात म्हणून. त्या कणांचे तापमान साधारण १९०० ते २००० केल्विन असते आणि अशा प्रकाशात लाल व पिवळा भाग भरपूर, हिरवा बेताचा आणि निळा अगदी थोडा असतो. आता अशा ज्योतीपुढे पानासारखी शुद्ध हिरवी किंवा पोपटी काच धरली, तर तिच्यातून पिवळा प्रकाशही बराच बाहेर पडतो आणि दुरून तो दिवा हिरवा न वाटता मळकट पिवळा वाटतो. रॉकेलची उघडी ज्योत मुळातच पिवळसर असल्यामुळे 'हिरवा' आणि 'पांढरा' यांची गल्लत होण्याचा धोका त्यात होता. म्हणून काच अशी घ्यावी लागली की जी लाल-पिवळा भाग जवळजवळ पूर्ण अडवील आणि हिरव्याबरोबर निळाही सोडील. ज्योतीत निळा भाग मुळातच तुटपुंजा असल्यामुळे बाहेर येणारा प्रकाश डोळ्याला स्वच्छ हिरवा दिसतो. सिग्नलचा रंग काच आणि ज्योत या दोघांनी मिळून तयार होतो. त्यांतील एक बदलले की दुसऱ्याचा हिशेब चुकतो.

तुमचा साधा पांढरा एलईडी आतून निळा असतो. सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देणाऱ्या कणावर पिवळसर लेप दिलेला असतो आणि दोन्ही मिळून पांढरा भास होतो. त्यात निळा भाग भरपूर असल्यामुळे तुमची काच तो निळा इमानाने बाहेर सोडते. लाल काचेची अडचण याच्या उलट आहे. ती साधारण ६०० नॅनोमीटरच्या पुढचा, म्हणजे नारिंगी-लाल प्रकाशच सोडते आणि थंड पांढऱ्या एलईडीत नेमका तोच भाग कमी असतो, म्हणून लाल मंद दिसतो.

तेव्हा काच तशीच ठेवून दिवा बदलावा. २२०० केल्विनचा (दिव्यावरील हा आकडा जितका कमी, तितका प्रकाश ज्योतीसारखा पिवळसर), ज्याला दुकानदार 'वॉर्म' किंवा 'अंबर' म्हणतात तसा एलईडी मिळाला तर उत्तम. २७०० केल्विनचाही चालेल, पण रंगदर्शन निर्देशांक (दिवा रंग किती खरे दाखवतो याचे माप, सीआरआय) ९० किंवा त्याहून अधिक असलेला घ्यावा, कारण त्यात लाल भाग बरा असतो. जुन्या टॉर्चमधील तारेचा छोटा बल्ब लावला तरी रंग खूपच मूळच्या जवळ जातील. काही जण लाल आणि हिरवे असे वेगवेगळे एलईडी आत बसवण्याचा सल्ला देतील. हल्लीच्या रेल्वेच्या तिरंगी टॉर्चमध्ये तशीच रचना असते, परंतु तुमच्या बत्तीत नळकांडे हिरव्यावर असताना आत लाल एलईडी लागला तर बाहेर जवळजवळ अंधारच दिसेल आणि पाहणाऱ्या मुलांना मूळ युक्तीही कळणार नाही.

रंगांच्या या नेमकेपणाला बराच काळ लागला. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकात बराच काळ पांढरा दिवा म्हणजे 'मार्ग मोकळा', हिरवा म्हणजे 'सावध' आणि लाल म्हणजे 'थांबा' अशी पद्धत होती. तिच्यातील दोष भयंकर होता : लाल काच फुटून पडली की उघडी ज्योत दिसे आणि चालकाला ती 'मार्ग मोकळा' अशी खूण वाटे, शिवाय रुळांलगतच्या घरातील कोणताही दिवा सिग्नल समजला जाण्याची भीती असे. त्या शतकाच्या अखेरीस हिरव्याला 'मार्ग मोकळा' हा अर्थ देण्यात आला, तेव्हा हा दोष गेला. पुढे अमेरिकेत कॉर्निंग येथील काच कारखान्यात विल्यम चर्चिल यांनी सिग्नलच्या काचांच्या रंगांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यावर आधारलेली प्रमाणे तिथल्या रेल्वे सिग्नल असोसिएशनने १९०८ मध्ये स्वीकारली. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा 'हिरवा' आणि 'लाल' वेगळा असे.

वयाबद्दल : 'जी.आय.पी.आर.' म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, हे तुम्हाला माहीत असेलच. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी याच रेल्वेने चालवली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ती मध्य रेल्वेत विलीन झाली, म्हणजे बत्ती त्या तारखेच्या आधी बनली असणार. मात्र अशा बत्त्या पुढे अनेक वर्षे वापरात राहिल्या, त्यामुळे अक्षरांवरून बत्तीच्या निर्मितीचा काळ ठरेल, वापराचा नाही.

दुसरे उत्तर (निवृत्त गार्ड)

वरील माहिती वाचून आनंद झाला. काम करणाऱ्याच्या बाजूने थोडी भर घालतो. २०२२ पासून आमच्या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण माझी सारी नोकरी गार्ड म्हणूनच झाली.

हातबत्तीचे टोपण फिरवणे ही अंधारात, पावसात आणि चालत्या गाडीत करायची गोष्ट होती, म्हणून कोणता रंग समोर आहे हे पाहून नव्हे तर बोटांना कळले पाहिजे. प्रत्येक रंगाला खटका असे. खटका झिजलेली बत्ती आम्ही घेतच नसू, कारण लाल आणि हिरव्याच्या मधल्या पट्टीवर नळकांडे अडकले तर समोरच्याला काहीच दिसत नाही. तुमच्या बत्तीतील हा दोष प्रदर्शनापुरता क्षुल्लक वाटेल, पण कृपया तो दुरुस्त करूनच बत्ती मांडा, कारण त्या खटक्यातच या वस्तूचे मर्म आहे.

रात्रीच्या हातसिग्नलांचा तक्ता तुम्ही बत्तीशेजारी लावावा, असे सुचवतो. हिरवा दिवा स्थिर धरला म्हणजे 'पुढे जा'; तोच उभा वरखाली हलवला म्हणजे 'सावधपणे पुढे जा'. शंटिंगच्या वेळी, म्हणजे स्थानकात डबे इकडून तिकडे हलवताना, हिरवा दिवा सावकाश वरखाली केला तर इंजिनाने आपल्यापासून दूर जायचे आणि अंगासमोर आडवा सावकाश हलवला तर आपल्याकडे यायचे. लाल दिवा म्हणजे 'थांबा'. परंतु लाल दिवा हाताशी नसेल तर पांढरा दिवा अंगासमोर आडवा जोरजोराने हलवला तरी त्याचा अर्थ 'थांबा' असाच होतो. या एका नियमामागे फार मोठा विचार आहे. लाल काच तडकली, खटका अडकला, नळकांडे फिरेनासे झाले, तरी ज्योत जिवंत असेपर्यंत माणूस गाडी थांबवू शकतो.

रंग बदलणारी दुसरी बत्ती ब्रेकव्हॅनच्या, म्हणजे गाडीच्या शेवटी असलेल्या गार्डच्या डब्याच्या, दोन्ही बाजूंना असे. तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. हे बाजूचे दिवे मागे लाल आणि पुढे पांढरा प्रकाश दाखवत, त्यामुळे मागून येणाऱ्याला धोक्याची खूण मिळे आणि इंजिनावरील माणसांना मागे वळून पाहिले की गाडी शेवटपर्यंत जोडलेली आहे हे कळे. आमची मालगाडी लूपवर, म्हणजे मुख्य मार्गालगतच्या बाजूच्या रुळावर, उभी करून मागची गाडी मुख्य मार्गाने पुढे काढायची असेल, तेव्हा मुख्य मार्गाकडचा दिवा फिरवून मागच्या बाजूला पांढरा करावा लागे, म्हणजे त्या गाडीच्या चालकाला आपल्याच मार्गावर लाल दिवा आहे असे वाटू नये. ती गाडी निघून गेली की दिवा पुन्हा लालवर आणायचा. हे विसरणे अक्षम्य मानले जाई आणि ते योग्यच होते.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रश्न

दोघांचेही मनापासून आभार. २२०० केल्विनचा एलईडी लावून पाहिला आणि हिरवा रंग खरोखरच हिरवा झाला; लालही उजळला. मात्र आता प्रकाशाचा झोत भिंगातून नीट एकवटत नाही, वर आणि बाजूला पसरतो. तसेच जवळून पाहताना हिरव्या काचेला एका कोपऱ्यात बारीक तडा आढळला. त्या जागी रंगीत ॲक्रिलिक लावावे का?

तिसरे उत्तर (जुने दिवे दुरुस्त करणारे सदस्य)

झोत पसरण्याचे कारण उंची आहे. भिंगाचा केंद्रबिंदू जिथे येतो तिथेच ज्योतीचा सर्वांत उजळ भाग यावा, अशी बर्नरची उंची ठेवलेली असते. तुम्ही काढलेला बर्नर जपून ठेवला असेल तर त्याची वात जिथून बाहेर येते त्याच्या थोडे वर, म्हणजे ज्योतीच्या मध्यावर, एलईडी येईल अशी तात्पुरती बैठक लाकडाची किंवा पितळेची करा. एलईडी शक्य तितका लहान असावा. चारी बाजूंना ठिपके असलेला मोठा बल्ब भिंगाला कधीच मानवत नाही. समोर आठ-दहा फुटांवर भिंत घेऊन बैठक वरखाली करत राहा आणि भिंतीवरचा ठिपका सर्वांत घट्ट होईल तिथे थांबा. मूळ पत्र्याला भोक पाडू नका, सोल्डर करू नका. उद्या कोणाला पुन्हा बर्नर बसवावासा वाटला तर तो बसला पाहिजे.

खटक्यासाठी आधी नळकांडे बाहेर काढा. बहुतेक बत्त्यांत टोपण उचलले की ते सोबत वर येते. येत नसेल तर जोर न लावता गंजलेल्या जागी पातळ तेल सोडून रात्रभर थांबा. आत कुठेतरी पातळ पट्टीची कमानी असेल आणि नळकांड्याच्या कडेला खाचा असतील. माझ्या पाहण्यात बहुधा कमानी मोडलेली नसते, तर काजळी आणि जुने तेल मिळून खाचा भरून गेलेल्या असतात. लाकडी काडीने खाचा साफ करा आणि मगच कमानीला किंचित बाक द्या. सँडपेपर वापरू नका, कारण कल्हई निघाली की पत्रा पावसाळ्यात गंजतो.

तडा गेलेली काच राहू द्या. काच चौकटीत घट्ट बसलेली असेल तर प्रदर्शनाला काही बाधा नाही. असे तडे बहुधा उष्णतेने जातात : रंगीत काच स्वतःच बराच प्रकाश आणि उष्णता शोषून घेते, तापते, आणि त्यावर पावसाचे थेंब पडले की एका कोपऱ्यातून चिरते. म्हणजे तुमचा तडा हा बत्तीच्या कामाचाच पुरावा असू शकतो. ॲक्रिलिकचा हिरवा मूळ काचेशी जुळणे फार कठीण आहे. काच साफ करताना कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड पुरे.

चौथे उत्तर (नेत्रवैद्यक क्षेत्रातील सदस्य)

निळसर हिरव्या काचेचा आणखी एक लाभ इथे नोंदवावासा वाटतो. लाल-हिरव्यातील फरक ज्यांना नीट कळत नाही, अशा व्यक्तींना पिवळसर हिरवा आणि लाल यांत गोंधळ होतो. परंतु हिरव्यात निळ्याचा अंश असला तर तो लालपासून वेगळा ओळखणे त्यांना तुलनेने सोपे जाते. अर्थात त्यामुळे दृष्टितपासणीची गरज संपत नाही. स्वीडनमध्ये १८७५ मध्ये लागरलुंडा येथे दोन गाड्यांची धडक झाली, त्यानंतर फ्रिथिऑफ होल्मग्रेन यांनी रंगांधत्वाचा संशय घेऊन रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगीत लोकरीच्या लडी वापरून तपासणी सुरू केली. पुढे एड्रिज-ग्रीन यांनी तपासणीसाठी कंदीलच तयार केला. त्यातील तबकड्या फिरवून वेगवेगळ्या रंगांच्या काचा समोर आणता येतात, छिद्र लहान करून दूरचा दिवा दाखवता येतो आणि धुके किंवा पाऊस यांचा परिणाम करणाऱ्या काचाही पुढे सरकवता येतात. भारतीय रेल्वेच्या वैद्यकीय तपासणीत हा कंदील वापरला गेला आहे. तुमच्या प्रदर्शनात हातबत्तीशेजारी त्याचे चित्र लावले तर दिवा दाखवणारा आणि दिवा ओळखणारा अशा दोन्ही बाजू लोकांसमोर येतील.

पहिले उत्तर देणाऱ्या सदस्याची पुरवणी

जीपचा मुद्दा राहून गेला होता. माझे स्पष्ट मत आहे की ती कल्पना सोडून द्यावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ प्रमाणे, काही ठरावीक अपवाद सोडले तर वाहनाने पुढे लाल आणि मागे लाल सोडून अन्य दिवा दाखवायचा नसतो. फिरत्या काचेची बत्ती पुढे लावली तर टोपण लालवर येताच या नियमाचा भंग होईल. मिरवणुकीचा मार्ग रुळांजवळून किंवा फाटकावरून जाणार असेल तर लाल-हिरवा दिवा हातात धरूनही दाखवू नका, कारण चालकाला दुरून दिसणारा दिवा कोणाच्या हातात आहे हे कळत नाही आणि त्याला तो खरा मानूनच वागावे लागते. जीपवर बत्ती विझलेलीच ठेवा, आणि वाचनालयात खोली अंधारी करून एका टोकाला बत्ती व दुसऱ्या टोकाला मुले अशी मांडणी करा. वरच्या उत्तरातील हातसिग्नल त्यांना स्वतः करू द्या. टोपण फिरवण्याचे काम मात्र एका जबाबदार माणसाकडे ठेवा, म्हणजे नळकांडे आणि ती तडकलेली काच दोन्ही सुरक्षित राहतील.