'खातं' की 'विभाग'? पाटीवर काय लिहू?

पाटीवाली:
आमच्या पतसंस्थेत मराठी पाट्यांचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका टेबलावर 'कर्ज खाते' लावलं, तर दोन दिवसांत पाच जण पासबुक भरून घ्यायला तिथेच उभे! पण पोलीस खातं, पाटबंधारे खातं म्हणतोच ना आपण? वहीतल्या हिशेबाला आणि कचेरीच्या भागाला एकच शब्द कसा काय? 'विभाग' करून टाकू का?

निवृत्त कारकून:
31 वर्षं बांधकाम खात्यात काढली. पत्रावर 'विभाग', घरी 'खातं'. चोपडीत ज्याचा जमाखर्च वेगळा मांडायचा, त्याचं खातं वेगळं. मग ज्याचा हिशेब वेगळा त्याचा कारभारही वेगळा, असं होत गेलं असावं. हा आपला माझा तर्क. मंत्र्यांचंही खातेवाटपच होतं, विभागवाटप कुणी म्हणत नाही.

'विभाग'ची गंमत ऐका. विभागीय आयुक्त म्हणजे राज्याच्या 6 महसुली विभागांपैकी एकाचा अधिकारी. विभागीय चौकशी मात्र खात्याची! आमच्याकडे तर कहर. अख्खं खातं 'सार्वजनिक बांधकाम विभाग', त्यात मंडळं, मंडळाखाली कार्यकारी अभियंत्याची कचेरी, तोही विभागच, त्याखाली उपविभाग. 'विभागाकडे पाठवा' असा शेरा आला की कागद मंत्रालयात धाडायचा की शेजारच्या खोलीत, हे साहेबांनाच विचारायला जायचो.

लालबागची:
बाबा गिरणीत साचा खात्यात, काका त्रासन खात्यात. साचा म्हणजे माग. त्रासन म्हणजे सूतकताई, इंग्रजी थ्रॉसलचं आमच्या माणसांनी केलेलं त्रासन (त्रास होताच म्हणा, कापसाच्या धुळीचा). चाळीत नवा माणूस आला की गावानंतरचा प्रश्न ठरलेला, 'कुठल्या खात्यात?' बँकेतलं खातं बाबांनी फार उशिरा उघडलं.

संस्कृतप्रेमी:
विभाग म्हणजे वि + भज्, वाटून देणे. धर्मशास्त्रात विभाग म्हणजे भावाभावांतली वाटणी, म्हणून 'विभक्त कुटुंब'. त्याच भज् धातूचं 'भक्त', म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, आणि त्यावरून आपला रोजचा भात. शिवकाळात मात्र खात्यांना 'कारखाने' आणि 'महाल' म्हणत. 18 कारखाने, 12 महाल. तंबू-गालिच्यांचं खातं तो फरासखाना. पुण्यात ते नाव अजून पोलीस ठाण्याला आहे.

पाटीवाली:
'कर्ज विभाग' केलं. गर्दी ओसरली. लालबागच्या ताई, साचा खात्याबद्दल अजून लिहा ना.