‘कुंकू’ची नीरा पुढे, ‘पिंजरा’ची चंद्रकला मागे : मी एकटाच असं म्हणतोय का?

रामबागवाला :

परवाच्या रविवारी पाऊस लागून राहिला होता. घरात मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि पुण्याहून आलेला भाचा. मध्ये सेव-परमलची परात. मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, की आज ‘पिंजरा’ बघायचा, आणि मोबाइल सगळ्यांनी दुसऱ्या खोलीत ठेवायचे.

आधी माझी पूर्वपीठिका सांगतो. ‘पिंजरा’ म्हणजे तमाशातल्या चंद्रकलेच्या नादी लागून तिच्या फडाबरोबर फिरणाऱ्या गावच्या मास्तराची गोष्ट. तो आला 1972 साली, मी पाहिला त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. इंदूरच्या रामबागेत गणेशोत्सवात वाड्याच्या चौकात पांढरी चादर बांधून सिनेमा दाखवायचे. समोरच्या सतरंज्यांवर मोठी माणसं, आणि आम्ही पोरं चादरीच्या मागच्या बाजूला. तिकडून सगळं उलटं दिसतं. त्यामुळे कित्येक वर्षं माझ्या डोक्यातला मास्तर डावखुरा होता. पण मास्तर झालेल्या डॉ. श्रीराम लागूंचा तो चेहरा, तुणतुणं हातात घेऊन फडावर उभा राहिलेला, असा काही बसला मनात की पुढे इंदूरला मराठी सिनेमाचं नाव निघालं की मी पहिल्यांदा ‘पिंजरा’च म्हणायचो. आपल्याकडे तेव्हा मुंबई दूरदर्शन दिसत नव्हतं. रविवारी दुपारी दिल्लीवाले प्रादेशिक चित्रपट दाखवायचे, त्यात मराठीची पाळी कधी येईल त्याची वाट बघायची. जे मिळालं ते देवासारखं मानलं.

तर परवा. मध्यंतरापर्यंत मीच गाणी गुणगुणत होतो. नंतर मुलगी म्हणाली, “बाबा, हा माणूस आपल्या पायांनी गेला ना तिच्याकडे? मग सिनेमा सारखा तिच्याकडे का बघतोय, जणू तिनेच उचलून नेला?” मी म्हटलं, पुढे बघ. पुढे बघितलं, आणि खरं सांगतो, मलाही तेच दिसायला लागलं. बाई म्हणजे घसरण, असा हिशेब. शेवटी तो मोठा होत जातो, आणि तिला काय मिळतं? पश्चात्ताप.

रात्री झोप येईना म्हणून ‘कुंकू’ लावला. 1937 चा, प्रभातचा. दिग्दर्शक तेच, व्ही. शांताराम! म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. रडून नाही, ताठ मानेने. त्या वकिलाला, म्हणजे काकासाहेबांना, आरशाच्या तुकड्यातुकड्यांत आपलाच चेहरा दिसतो, तो प्रसंग मी दोनदा मागे नेऊन पाहिला. आणि पार्श्वसंगीत नाही! घड्याळ, दार, रस्ता, एवढंच ऐकू येतं.

म्हणजे तोच माणूस 1937 मध्ये पुढे होता आणि 35 वर्षांनी मागे गेला. आपण ‘जुने सिनेमे’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधतो ते चूक आहे. आणि आजचं म्हणाल तर ‘सैराट’चा शेवट आठवा. रक्ताची पावलं, आवाज बंद. मला 2016 मध्ये हा सिनेमा लांबलेला वाटला होता, आता ‘कुंकू’ पाहिल्यावर त्याचं नातं कुणाशी आहे ते कळलं. बाकी हल्लीचे मराठी सिनेमे म्हणजे बायकांना चार आसू, चार नाच, वर व्हायोलिनचा मारा. असो. बोला.

तुणतुणं :

रामबागवाले, तुम्ही ‘पिंजरा’ अजूनही चादरीच्या मागूनच बघताय.

तुम्हाला माहीत असेलच, की मूळ गोष्ट जर्मन आहे. ‘द ब्लू एंजल’, 1930, मार्लीन डीट्रिच. तिथला प्राध्यापक नाचणारणीच्या नादाने विदूषक होतो आणि शेवटी आपल्या जुन्या वर्गात जाऊन टेबलाला मिठी मारून मरतो. संपलं. तो बिचारा माणूस होता, बिचारा म्हणून मेला. आपल्याकडे काय केलं? गाव ज्याला मेलेला समजतं त्या मास्तरावर स्वतःच्याच खुनाचा आरोप येतो आणि तो फासावर जातो, कारण ‘मी जिवंत आहे’ म्हटलं तर गावाने ज्या मास्तराची पूजा मांडली तो मरेल. ही जोड जर्मन सिनेमात नाही. हा सिनेमा बाईने बिघडवलेल्या पुरुषाचा नाहीच. गावाला माणूस नको असतो, मूर्ती हवी असते, त्याचा आहे. पिंजरा तिचा नाही, मास्तराच्या मोठेपणाचा आहे.

आणि चंद्रकलेचं म्हणाल तर, गावाबाहेर काढलेल्या फडावरच्या बाईला सूड घ्यावासा वाटला यात मागासलेपण कुठे आलं? उलट सगळ्यात आधी मास्तराचं ढोंग तिने ओळखलं. तुमच्या मुलीचा प्रश्न चांगला आहे, पण तिने तो मध्यंतरात विचारला, शेवटी नाही.

पोहे_विदाउट_जलेबी :

भिया लोक, मी 24 वर्षांचा आहे, तर माझं पण ऐका.

तुणतुणं यांचा मुद्दा कागदावर भारी आहे. पण सिनेमा कागदावर बघत नाहीत ना. कॅमेरा कुणावर किती वेळ थांबतो, कुणाच्या अंगावर थांबतो, ते पण सिनेमाच सांगतो. मास्तराचा चेहरा आणि तिची कंबर. आता सांगा पिंजरा कुणाचा.

पण रामबागवाले काकांची आवाजवाली गोष्ट मला पटली नाही. ‘सैराट’चा शेवट शांत आहे म्हणून भिडतो असं नाही. त्याच्या आधी दीड-दोन तास अजय-अतुलने कान भरून ठेवलेत म्हणून भिडतो. ते संगीत हॉलिवूडमध्ये जाऊन रेकॉर्ड केलंय, शंभर वादकांचा थाट वाटतो ऐकताना. मी थिएटरात पाहिला तेव्हा गाण्यांना पोरं खुर्च्यांवर उभी होती, शिट्ट्या, पैसे उडवणं सगळं. आणि शेवटी त्याच पोरांचा आवाज बसला. आधी गोंगाट नसता तर ती शांतता ऐकूच आली नसती. म्हणजे ज्या व्हायोलिनला तुम्ही शिव्या देताय त्यांनीच ती कमावली.

‘कुंकू’ मी 20 मिनिटं पाहिला. सगळे नाटकात बोलतात तसं मागच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलतात. सॉरी. मला त्यापेक्षा ‘कोर्ट’ (2014) जवळचा. कुणी ओरडत नाही. कॅमेरा हलत नाही. जज सुट्टीला जाऊन बाकावर झोपतो, मुलं दचकवतात, एकाला थप्पड बसते, सिनेमा संपतो. बस.

सुदामानगरची काकू :

‘कोर्ट’मध्ये जज झोपला त्याच्या बराच आधी आमचे हे झोपले होते. त्यामुळे शेवट आम्ही दोघांनी मिळून पाहिला असं म्हणायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. “बायकांना चार आसू, चार नाच.” भाऊ, हे ‘बाईपण भारी देवा’साठी आहे ना? नाव घ्यायला का लाजलात? 2023 च्या पावसाळ्यात आम्ही भिशीच्या बारा जणी गेलो होतो. इंदूरला मराठी सिनेमा म्हणजे एक खेळ, तोही अशा वेळेला की घरचा स्वयंपाक अर्धा टाकून निघावं. ज्या थिएटरात आजवर आमची मराठी ऐकून तिकीटवाला हिंदीत उत्तर द्यायचा, तिथे सगळ्या रांगा नऊवारीच्या! इंटर्व्हलला बाहेरच्या जागेत दोघी-तिघींनी फुगडी घातली. त्यात एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तुम्हाला तो सिनेमा कच्चा वाटला? आहेच कच्चा. सहा बहिणींपैकी तीन नीट लिहिल्यात, तिघींच्या तोंडी नुसते टाळ्यांचे संवाद आहेत. मला पण दिसतं. पण त्यात एकही बाई कुणा पुरुषाच्या मोठेपणासाठी पणाला लागत नाही.

आता तुमची लाडकी नीरा. मी ‘कुंकू’ पूर्ण पाहिलाय, 20 मिनिटं नाही. नीरा झालेली शांता आपटे म्हणजे विजेची तार, त्यात वाद नाही. पण ती सुटते कशी? काकासाहेबांना उपरती होते आणि ते जीव देतात, तेव्हा. म्हणजे तिने तीन तास लढायचं, आणि किल्ली शेवटी म्हाताऱ्याच्याच कनवटीला. ‘पिंजरा’त पुरुष मरून मोठा होतो म्हणून तुम्ही नाक मुरडलं. ‘कुंकू’त काय वेगळं झालं?

रामबागवाला :

काकू, नाव घ्यायला लाजलो हे खरं. सिनेमा पूर्ण पाहिलेला नाही हेही खरं. बायको तिच्या मैत्रिणींबरोबर गेली होती, मी आणायला गेलो तेव्हा शेवटची मंगळागौर दारातून पाहिली. यापुढे त्यावर बोलणार नाही.

पण नीरेचा मुद्दा सोडत नाही. किल्ली त्याच्या कनवटीला आहे हे ‘कुंकू’ लपवत नाही. 1937 मध्ये तिला दुसरी वाट होती कुठे? कायद्याने घटस्फोट नाही, माहेर तिला विकून मोकळं झालेलं. ती जिंकते ती त्याच्या मरणाने नाही. त्याला आरशात बघायला लावते तिथेच ती जिंकलेली असते. मरण हा हिशेबाचा उरलेला भाग.

बडोदेकर :

दुरून बोलतोय, राग नसावा. आमच्या बडोद्यातही मराठी सिनेमाची तीच कथा, एक खेळ आणि तोही भलत्या वेळेला.

दोन गोष्टी राहून गेल्या. ‘कुंकू’ नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ कादंबरीवर आहे आणि हिंदीतही तोच सिनेमा ‘दुनिया न माने’ म्हणून काढला. म्हणजे 1937 मध्ये ही न पटणारी गोष्ट मराठीबाहेरच्या लोकांनाही ऐकवायची हिंमत होती.

दुसरं, काकू, एकट्या नीरेकडे बघू नका. काकासाहेबांची मुलगी सुशीला आठवा. विधवा, समाजकार्य करणारी, बापाला तोंडावर सुनावणारी. ते काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. या बाई खऱ्या आयुष्यातही तशाच होत्या, संततिनियमनाचा प्रचार त्यांनी अशा काळात केला जेव्हा तो शब्द घरात उच्चारायची सोय नव्हती. सई परांजपे यांच्या त्या आई. लेकीने 1981 मध्ये ‘चश्मेबद्दूर’ केला, त्यातली नायिका दारोदार साबणाची पावडर विकते आणि कुणाच्या उपरतीची वाट बघत नाही. मला तर नीरेची पुढची पायरी ‘सैराट’मधली आर्ची नाही, तर ‘चश्मेबद्दूर’ची ती नायिका, दीप्ती नवल वाटते. बिनरक्ताची.

तुणतुणं :

‘चश्मेबद्दूर’ बहुत बढिया, पण तिथे पणाला लागतं काय? एक गैरसमज. दिल्लीतल्या शिकल्यासवरल्या मुलीची आणि गावकुसाबाहेरच्या फडावरच्या बाईची तुलना म्हणजे सराफ्यातल्या गराडूची छप्पन दुकानच्या पिझ्झाशी तुलना.

पोहेवाल्या, तुझ्या कंबरेच्या मुद्द्यावर काल रात्री पुन्हा सिनेमा लावला. पहिल्या तासात तू बरोबर आहेस, आणि ते मला आजवर दिसलं नव्हतं हे कबूल करायला त्रास होतोय. फड, प्रेक्षक आणि कॅमेरा तिघंही एकाच ठिकाणी बसलेत. पण मास्तर तिच्या फडाबरोबर फिरायला लागला की बघ. तिथून कॅमेरा त्याला तसंच उघडं पाडतो. त्याचे पडलेले खांदे, दाढी, लोकांनी त्याला ओळखू नये म्हणून चाललेली धडपड. शांतारामबापूंना रंगाचा आणि नाचाचा मोह सुटत नव्हता, हे खरं. लागूंना तो मोह नव्हता. दोघांची ओढाताण पडद्यावर दिसते आणि म्हणूनच सिनेमा टिकलाय. माझं मत तेच. फक्त पहिला तास मी आता गुणगुणत बघणार नाही.

पोहे_विदाउट_जलेबी :

काका, तुम्ही रात्री परत पाहिलात? इज्जत.

बरं, मी पण ‘कुंकू’ 20 मिनिटांच्या पुढे नेला. ओरडतात ते ओरडतातच. पण एक झालं. हेडफोन लावून बघत होतो, तर एका ठिकाणी घड्याळाची टिकटिक एवढी जवळ आली की मी मागे वळून आमच्या भिंतीकडे पाहिलं. आमच्याकडे भिंतीवर घड्याळच नाही. संगीत नसल्यामुळे असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. ‘सैराट’बद्दल माझं म्हणणं मागे घेत नाही हां. तिथली शांतता कमावलेली आहे, इथे घरातच राहते.

आणि एक, ‘शोले’ लिहिणाऱ्या जोडीतले सलीम खान इंदूरचे, मग ‘शोले’वर कुणीच कसं बोललं नाही?

सुदामानगरची काकू :

‘शोले’ला नवा धागा काढ बाळा, इथे घुसवू नकोस. त्यात बोलायला बायका दोन, एक बोलतच नाही आणि दुसरी थांबतच नाही.

बडोदेकर, सुशीला मी विसरले होते. बापाला बोलते तेव्हा तिचा आवाज चढत नाही, ते आत्ता तुम्ही लिहिल्यावर आठवलं. तरी कनवटीच्या किल्लीचं माझं उत्तर मिळालेलं नाही. “हिशेबाचा उरलेला भाग” हे वकिली झालं, रामबागवाले.

पुढच्या शनिवारी भिशी माझ्याकडे आहे. पत्ते रद्द, ‘कुंकू’ लावणार आहे, बारा जणींचा निकाल इथे कळवते. तुमच्या मुलीला पाठवा, ती मध्यंतरात प्रश्न विचारते ते मला आवडलं. तुम्ही आलात तर सेव आणा, लौंगवाली. आणि आधीच सांगते, टीव्ही भिंतीला ठोकलेला आहे. मागच्या बाजूने बसता येणार नाही.