सीटी स्कॅनआधीचं कॉन्ट्रास्ट आईच्या पोटात टिकत नाही, मदत हवी आहे

आईचा (वय ६८) पोटाचा सीटी स्कॅन परवा आहे. पाण्यात कालवलेलं आयोडीनचं कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये आतडी उठून दिसावीत म्हणून प्यायचं औषध), साधारण १ लिटर, तासाभरात प्यायचं. मागच्या वेळी तिसऱ्या ग्लासालाच सगळं उलटून पडलं, स्कॅन पुढे ढकलला. थंड करून, स्ट्रॉने, घोटघोट, सगळं करून पाहिलं. ग्लास तोंडाजवळ नेला की वासानेच तिला उमळून येतं. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल, ॲलर्जी नाही, शिरेतलं कॉन्ट्रास्ट चालतं. आतड्यात अडथळ्याचा संशय नाही. आतड्याच्या भिंतीची सूज बघायची आहे. त्यासाठी आयोडीनऐवजी साधं पाणी किंवा मॅनिटॉलचं (साखरेसारखा पदार्थ) पाणीही देतात, कारण स्कॅनवर पांढऱ्या दिसणाऱ्या द्रवात, शिरेतल्या कॉन्ट्रास्टमुळे भिंतीला येणारी चमक झाकली जाते, असं वाचलंय. उद्या डॉक्टरांशी बोलणारच आहे. तुमच्यापैकी कुणाला रेडिओलॉजिस्टने असं बदलून दिलंय का, आणि उलटीची गोळी किती वेळ आधी घ्यायला सांगितली होती?