शब्दचर्चा: खांबाच्या 'बकलिंग'ला मराठीत काय म्हणावं?

होटगीरोडकर: एमआयडीसीतल्या एका शेडच्या कामासाठी फिटर-वेल्डर मंडळींना वाचता येईल असं पत्रक मराठीत करतोय. खांब २ मिमी पत्र्याचे, न तापवता वाकवून (कोल्ड-फॉर्म्ड) केलेले सी चॅनल, म्हणजे इंग्रजी C च्या आकाराचे. पहिल्याच पानावर अडलो. 'कॉलम बकल होऊ नये म्हणून' याला मी 'खांब वाकू नये म्हणून' लिहिलं, तर इंजिनियर साहेबांनी लाल रेघ मारली. म्हणे वाकणं म्हणजे बेंडिंग, बकलिंग वेगळं. मग लिहू काय?

शुद्धलेखणी: हिंदी परिभाषेत 'व्याकुंचन' आहे, तोच घ्यावा. कॉलमला 'स्तंभ', कोल्ड-फॉर्म्डला 'शीतरूपित'. वापरल्याशिवाय शब्द रुळत नाहीत.

मागवाला: शीतरूपित म्हटलं की आमचा फिटर कुल्फीच मागंल. आणि व्याकुंचनात आकुंचन ऐकू येतं. खांब आक्रसतोय कुठं? तो बाजूला पळतोय. आमच्या यंत्रमागाच्या शेडात एका चॅनलला मधेच फुगवटा धरला होता. फिटरनं हात फिरवला आन् म्हणाला, 'मालक, ह्येला पोट आलंय बगा.' गवंडी भिंतीला म्हणतो तेच. संपला विषय.

फूटपट्टी: संपला नाही, मागवाले. मी या विषयाचा मास्तर, म्हणून राहवत नाही. स्टीलची पातळ फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून तळहातानं दाबा. बराच वेळ काही होत नाही, मग एकदम कमान होते. ओझं सरळ डोक्यावरून येतं आणि अंग आडवं जातं, हे बकलिंग. आडव्या तुळईवर ओझं ठेवलं की ती पहिल्यापासून थोडी थोडी लवते, ते वाकणं. साहेबांची लाल रेघ बरोबर आहे. ऑयलर या गणितज्ञानं १७४४ मध्ये याचं गणित मांडलं: खांबाची लांबी दुप्पट केली तर तो चौथाईच ओझं पेलतो. आणि त्या सूत्रात पोलाद किती मजबूत हे येतच नाही, किती ताठ एवढंच येतं. लांब सडपातळ खांबाला भारी ग्रेडचं पोलाद घेऊन उपयोग नाही.

चाटीगल्ली: म्हणजे 'मोडेन पण वाकणार नाही' हे या खांबाला सांगून फायदा नाही. तो मोडायच्या आत कधीच वाकलेला असतो.

फूटपट्टी: वाकलेला नाही हो, बकल झालेला!

चाटीगल्ली: बघा, तुम्हालाही मराठी शब्द सापडेना.

सातरस्ता: मला वाटतं बकल हा आपल्या 'बाक'चाच भाऊ. पाठीला बाक येतो ना, तोच.

शुद्धलेखणी: ध्वनी जुळला म्हणून सोयरीक होत नाही. बाकाचं मूळ 'वक्र'. इंग्रजी बकल फ्रेंचमधून आला, मागे लॅटिन 'बुक्का', म्हणजे गाल. पट्ट्याचं बकलही त्याच घरचं. शिरस्त्राणाचा गालाजवळचा पट्टा.

मागवाला: गाल फुगणं! मग माझा फिटर बरोबरच की. त्यानं पोट म्हटलं, लॅटिनवाल्यानं गाल म्हटलं.

फूटपट्टी: गंमत म्हणजे अर्धं बरोबर आहे. जाड गर्डरात सहसा एकच प्रकार सतावतो, पातळ पत्र्यात तीन. एक, चॅनलची पाठ पट्टीपट्टीनं आत-बाहेर फुगते. हे तुमचं पोट. यात खांब लगेच जात नाही. मधला पत्रा अंग काढून घेतो, कोपरे ओझं धरून ठेवतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या जॉर्ज विंटरनी याच हिशेबावर काम केलं आणि १९४६ ला अमेरिकेत पातळ पत्र्याच्या बांधकामाची पहिली नियमावली निघाली. दोन, कडेची लिप, म्हणजे आत वळवलेली काठाची पट्टी, धरून फ्लँजच, म्हणजे चॅनलची बाजूच, उघडतो किंवा मिटतो. तीन, अख्खा खांब जातो, सी चॅनल असेल तर पुष्कळदा पीळ घेऊन जातो. पहिल्याला 'पिचकला' म्हणू नका, पिचकला म्हणजे कामातून गेला. तिन्हींना एकच शब्द लावला तर फिटर पहिल्याला घाबरेल आणि तिसऱ्याला घाबरणार नाही.

बाळीवेस: माझी आई शिवणकाम करायची. लिप म्हणजे मुडप! कापडाची कड मुडपली की ती ताठ राहते, लोंबत नाही. दुसऱ्याला 'मुडप उलगडणे' म्हणा.

होटगीरोडकर: मुडप झकास आहे, ताई. घेतला. पण मथळ्यात तिघांचा मिळून एक शब्द लागतो हो.

शुद्धलेखणी: म्हणूनच म्हणतो, व्याकुंचन. आणि निदान 'स्तंभ' तरी लिहा. खांब हा त्याचाच अपभ्रंश.

चाटीगल्ली: स्तंभ कोसळला म्हणजे पेपरातला लेख बंद पडला असं वाटेल.

कानडीकाठ: अपभ्रंश नाही, सर. खांब आला 'स्कंभ'वरून, तो वेगळा शब्द. अथर्ववेदात अख्खं स्कंभसूक्त आहे. आमच्या घरी कन्नडमध्ये 'कंब' म्हणतात.

शुद्धलेखणी: कंब संस्कृतातूनच तिकडे गेला असणार.

कानडीकाठ: 'असणार' म्हणजे? तुम्ही पाहायला गेला होता?

सातरस्ता: मग लाइटीचा 'डांब' कुठला? तो तर संस्कृत दिसत नाही.

मागवाला: आन् आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत मिरवतात त्या उंच नंदीध्वजाला आपण खांबही म्हणत नाही न् डांबही. काठी म्हणतो. ती वाकत नाही, डुलते.

बाळीवेस: डुलते कशी? लवते. लहानपणापासून बघतेय मी.

मागवाला: ताई, डुलतेच.

होटगीरोडकर: मंडळी, पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय...

कानडीकाठ: डांबाचं मी उद्या आजोबांना विचारून सांगतो.