माल्ट गाळण्याच्या कापडी पिशव्या : धुणे, वाळवणे आणि पुन्हा वापरणे

सातूवाला, बाणेर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत नव्या बिअरच्या पाककृती आम्ही आधी 20 लिटरच्या पातेल्यात करून पाहतो आणि त्यासाठी घरगुती बिअर करणाऱ्यांची पिशवीत मॅश करण्याची पद्धत वापरतो. म्हणजे भरडलेले माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू) कापडी पिशवीत भरून साधारण 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, मग पिशवी उचलून निथळू द्यायची आणि खाली राहिलेले गोड पाणी, म्हणजे वर्ट, उकळायचा. (परवान्याचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण 1949 च्या दारूबंदी अधिनियमामुळे आपल्याकडे घरीसुद्धा विनापरवाना बिअर करता येत नाही, आणि चर्चा तिकडे वळू नये अशी इच्छा आहे.)

पावसाळा सुरू झाल्यापासून धुऊन टांगलेल्या पिशव्यांना दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) छोट्या पिशव्या चिकट राहतात आणि मोठ्या पिशवीवर तपकिरी डाग पडले आहेत. टाक्या धुण्यासाठी कॉस्टिक सोडा आणि ॲसिड दोन्ही हाताशी असतात. ते पिशव्यांना चालतील का? प्रत्येक वेळी पिशवी निर्जंतुक करावी लागते का?

उकळीपूर्व, कोथरूड

परदेशात, जेथे हे कायदेशीर आहे तेथे, मी बरीच वर्षे घरी बिअर करत असे. त्या अनुभवावरून लिहितो.

पिशवी उकळीच्या आधी वापरली जाते की नंतर, यावर सगळे अवलंबून आहे. मॅशच्या पिशवीतून जे जंतू वर्टमध्ये उतरतात ते पुढच्या उकळीत मरतात. शिवाय माल्टच्या टरफलांवर लॅक्टोबॅसिलस (दूध आंबवणाऱ्या जातीचा जंतू) मुळातच असतो, तेव्हा निर्जंतुक पिशवीत तसले धान्य भरण्यात काही अर्थ नाही. ही पिशवी स्वच्छ आणि कोरडी असली की पुरे. उकळत्या वर्टमध्ये सोडलेल्या हॉप्सच्या पिशवीलाही हेच लागू आहे. मात्र आंबवण संपल्यानंतर थंड बिअरमध्ये हॉप्सची जी पिशवी सोडतात, तिच्यापुढे उकळी नसते; ती प्रेशर कुकरमध्ये वाफेवर 15 ते 20 मिनिटे ठेवावी आणि बाकीच्या पिशव्यांत कधीही मिसळू देऊ नये.

आंबूस वासाचे कारण बहुधा उशीर हेच असावे. वर्ट उकळत असताना पिशवी चोथ्यासकट बादलीत पडून राहते, तिच्यात साखर, ओल आणि कोमटपणा सगळेच असते, आणि लॅक्टोबॅसिलसला याहून अधिक काही लागत नाही. पिशवी निथळली की लगेच चोथा काढावा (तो त्याच दिवशी गोठ्यावर पोहोचवावा, उन्हाळ्यात तर दुसऱ्या दिवशी जवळ उभे राहवत नाही), पिशवी उलटी करून झटकावी आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत साध्या पाण्याच्या धारेखाली, विशेषतः शिवणींत अडकलेले पीठ बोटाने काढत, धुवावी. त्यानंतर 50 ते 60 अंशांच्या पाण्यात दर लिटरला 4 ते 5 ग्रॅम सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडणारी धुण्याची पावडर) घालून त्यात अर्धा तास भिजवावी. या द्रावणातून ऑक्सिजन सुटत असल्याने भांडे घट्ट बंद करू नये, आणि हातमोजे घालावेत. नंतर भरपूर पाण्याने खळबळून घ्यावी.

सुगंधी डिटर्जंट आणि कपडे मऊ करणारे द्रव यांपासून पिशवी दूर ठेवावी, कारण त्यांचा अंश कापडात राहतो, वास वर्टमध्ये उतरतो आणि बिअरचा फेसही टिकत नाही. डागांचे मनावर घेऊ नका. तो माल्टचा रंग आहे, मळ नाही.

पावसाळ्यात सर्वांत जास्त लक्ष वाळवण्याकडे द्यावे. स्वच्छ टॉवेलमध्ये गुंडाळून पिळावी, तोंड उघडे ठेवून पंख्याखाली पसरावी आणि शिवणी पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय घडी घालू नये.

रेणूबंध, पिंपरी

वरील उत्तराशी सहमत आहे. कॉस्टिकचा मुद्दा राहिला आहे तो लिहितो. पिशवीचे कापड कोणते हे कळल्याशिवाय टाक्यांची रसायने तिला लावू नयेत. पॉलिएस्टरला गरम कॉस्टिक सोसत नाही: त्यातले एस्टर बंध (रेणूंची साखळी जोडणारे दुवे) तुटतात आणि धागा पृष्ठभागापासून झिजत जातो. कापडगिरण्या पॉलिएस्टरला रेशमासारखी पडण देण्यासाठी हीच क्रिया मुद्दाम करतात, पण आपल्याला पाच किलो धान्य ओले करून उचलायचे असते, तेथे झिजलेला धागा कामाचा नाही. नायलॉनचे उलट आहे; ते अल्कलीला बऱ्यापैकी तोंड देते, परंतु तीव्र ॲसिड आणि क्लोरीनच्या ब्लीचने कमकुवत होते. ब्लीच तर कोणत्याच पिशवीला लावू नये, कारण उरलेला क्लोरीन माल्टमधल्या फिनॉलांशी संयोग पावून क्लोरोफिनॉल तयार होतात आणि बिअरला दवाखान्यासारखा वास येतो.

कापड ओळखण्याची एक सोपी रीत आहे. पाण्यात विरघळेल तितके मीठ विरघळवून घ्यावे; अशा पाण्याची घनता साधारण 1.2 असते. नायलॉनची 1.14 आणि पॉलिएस्टरची 1.38 असल्यामुळे, कापडाचा लहानसा तुकडा त्यात बुडवून बुडबुडे काढले असता नायलॉन तरंगते आणि पॉलिएस्टर तळाशी जाते. (सुती कापडही बुडते, पण ते नजरेलाच कळते.)

हॉप्सच्या चिकटपणासाठी कॉस्टिकची गरज नाही. त्यांची राळ आम्लधर्मी असल्यामुळे कोमट पाण्यातल्या धुण्याच्या सोड्याने सुटते. येथे खाण्याचा सोडा फारसा उपयोगी पडत नाही.

मलमलप्रेमी, सदाशिव पेठ

आमच्याकडे श्रीखंडाचा चक्का बांधायचे मलमल दर वेळी उकळतात आणि ते वर्षानुवर्षे टिकते. तेव्हा पिशवी निर्जंतुक न करता नुसती धुऊन वाळवली की पुरे, हे मला पटत नाही. सुती कापडात ओल आणि साखर खोलवर मुरते, नुसत्या धुण्याने ती जात नाही. एक सूचना: लक्ष्मी रोडवरून पडद्याचे पॉलिएस्टर आणून पिशवी शिवून घेतलीत तर दोराही पॉलिएस्टरचाच वापरण्यास सांगावे. सुती दोरा आधी कुजतो आणि भरलेली पिशवी नेमकी शिवणीवर फाटते.

उकळीपूर्व, कोथरूड

सुती पिशवीबाबत आपले म्हणणे मान्य आहे, ती उकळावीच. जाळीदार पॉलिएस्टरला मात्र त्याने फार काही मिळत नाही. उकळायचीच असेल तर पातेल्याच्या तळाशी स्टीलची जाळी ठेवावी, कारण ज्योतीवरच्या तळाला टेकलेले कापड पाणी असूनही वितळू शकते.

सातूवाला, बाणेर

सर्वांचे आभार. मिठाच्या पाण्यात मोठ्या पिशवीचा तुकडा बुडाला, हॉप्सच्या पिशवीचा तरंगला. म्हणजे कॉस्टिक आणि ॲसिड दोन्ही बाद. आणखी एक शंका आहे: वाळल्यावर मोठी पिशवी कडक होते आणि तिच्यावर पांढरट थर दिसतो. आमच्याकडे पाणी टँकरचे असते.

रेणूबंध, पिंपरी

टँकरचे पाणी बहुधा बोअरवेलचे, म्हणजे जड असते, आणि परकार्बोनेटमधून निघणारा कार्बोनेट त्यातल्या कॅल्शियमशी मिळून चुन्याचा साका कापडावर बसवतो. दर लिटरला 10 ग्रॅम लिंबूसत्त्व घातलेल्या गार पाण्यात पिशवी दहा मिनिटे बुडवावी. एवढ्या सौम्य आम्लाने पॉलिएस्टरला इजा होत नाही. यापुढे शेवटचे खळबळणे फिल्टरच्या पाण्यात करावे. थर गेल्यावर पिशवी उजेडासमोर धरून पाहावी. वीण सरकून फटी पडल्या असतील तर टरफले वर्टमध्ये उतरून उकळतात आणि त्यातल्या टॅनिनमुळे बिअर तुरट होते. तशी पिशवी बदलावी.