शब्दचर्चा: शटडाउनमधला पगार बुडाला की रखडला?

प्रश्न: अमेरिकेतल्या शटडाउनच्या बातम्यांत ‘टाळेबंदी’, ‘फर्लोवर पाठवले’, ‘फुकट राबवले’ असे शब्द सर्रास दिसतात. कर्मचाऱ्यांनी सरकारवर लावलेल्या दाव्यांबद्दल लिहिताना यातले कोणते चालतील?

उत्तर १: ‘टाळेबंदी’ नको. टाळेबंदी मालक करतो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्येही शब्द त्याच अर्थाने येत असे. शटडाउनमध्ये खर्चाला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, मंजुरी नसते, म्हणून तिजोरीतून पैसा निघत नाही. आपल्याकडे अर्थसंकल्प लांबला तर लेखानुदान घेऊन भागवतात, त्यामुळे या अवस्थेला मराठी शब्द घडलाच नाही. ‘शटडाउन’च ठेवा.

आणि ‘फर्लो’ तर मुळीच नको! महाराष्ट्रात फर्लो म्हणजे कैद्याची संचित रजा. ‘सक्तीची बिनपगारी रजा’ लिहा.

उत्तर २: पण दावे लावणारे रजेवर नव्हतेच, कामावर होते. जीवित किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी ज्यांना थांबवून घेतात त्यांना तिकडे ‘एक्सेप्टेड’ म्हणतात. ‘एक्झेम्प्ट’ वेगळे: त्यांचा पगार दुसऱ्या निधीतून चालू असतो. शिवाय १९३८च्या फेअर लेबर स्टँडर्ड्स अ‍ॅक्टमध्ये (किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा तिकडचा कायदा) ‘एक्झेम्प्ट’ म्हणजे ओव्हरटाइमचा हक्क नसलेला. दोन्हींना ‘सूट मिळालेले’ म्हटले की सगळा गोंधळ. पहिल्यांसाठी ‘कामावर ठेवलेले’ पुरे.

प्रश्नकर्ता: शटडाउन संपल्यावर थकबाकी मिळालीच ना? मग दावा कशाचा?

उत्तर २: खरी मेख तीच. पगार बुडाला नव्हता, रखडला होता. २०१३चे शटडाउन १ ते १६ ऑक्टोबर चालले. त्यातून कर्मचाऱ्यांनी सरकारवर लावलेल्या मार्टिन खटल्यात हिशेब असा मांडला गेला: पगाराच्या त्या कालावधीतले बिनपगारी ५ दिवस, रोज ८ तास, किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, म्हणजे २९० डॉलर. नेमल्या दिवशी एवढे तरी हाती पडायला हवे होते. पडले नाहीत, म्हणून तेवढीच रक्कम वर भरपाई म्हणून मागितली. ओव्हरटाइम रखडला असेल तर त्याचीही तशीच. हिला ‘थकबाकी’ म्हणू नका, ‘दंड’ही नको. ‘उशिराबद्दलची दामदुप्पट भरपाई’ म्हटले की मराठी वाचकाला लगेच कळते.

उत्तर १: ‘दामदुप्पट’ला माझी हरकत आहे. तो सावकारी व्याजाच्या मर्यादेचा शब्द. ‘थकीत रकमेइतकीच जादा भरपाई’ बरे.

उत्तर २: मान्य, तेच अचूक.

आता निकालाची भाषा. २०१७मध्ये फेडरल क्लेम्स कोर्टाने (सरकारवरचे पैशांचे दावे ऐकणारे कोर्ट) कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबर २०२२मध्ये वरच्या फेडरल सर्किट कोर्टाने, २०१८-१९च्या ३५ दिवसांच्या शटडाउनमधून आलेल्या अव्हालोस खटल्यासोबत, तो २ विरुद्ध १ मतांनी फिरवला. मंजुरीविना खर्च करायला अँटिडेफिशिअन्सी अ‍ॅक्टची मनाई असताना पगार लांबवणे हा वेतन कायद्याचा भंग ठरत नाही, असे बहुमताचे म्हणणे. मूळ पगाराचा हक्क कोर्टाने काढून घेतला नाही. जानेवारी २०१९च्या कायद्याने तो उलट पक्का झाला आहे. म्हणून ‘कोर्टाने पगार नाकारला’ हा मथळा चूक. ‘उशिराची भरपाई नाकारली’ एवढेच लिहा.