हिरव्या गम्बीचे डोके एका बाजूने उंच का? मातीच्या या पात्राचा इतिहास हवा आहे

मृण्मयी (नाशिक रोड) यांचा प्रश्न

नमस्कार. मी नाशिक रोडच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. यंदा दिवाळीच्या सुटीपूर्वी सातवीच्या मुलांकडून मातीच्या बाहुल्यांची एक छोटी चित्रफीत करून घ्यावी, असे ठरवले आहे. बाहुली किंचित हलवायची, मोबाइलवर एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायची, पुन्हा छायाचित्र घ्यायचे आणि शेवटी ती सगळी छायाचित्रे भरभर एकामागून एक दाखवायची, इतकी ही रीत सोपी वाटली होती. गणेशोत्सवातला शाडू शाळेत शिल्लक होता, म्हणून त्याचीच माणसे केली. ती दोन पायांवर उभी राहिनात, आणि जी राहिली त्यांचे हात दुसऱ्या दिवशी वाळून गळून पडले.

तेव्हा मला माझ्या आत्याने अमेरिकेहून आणलेली एक जुनी बाहुली आठवली. हिरवी, चपटी, हवी तशी वाकणारी, खाली रुंद होत गेलेल्या पायांची, आणि डोके मात्र एका बाजूने उंच. हा गम्बी, दूरदर्शन संचांच्या सुरुवातीच्या काळातले मातीचे पात्र, एवढेच तिने सांगितले होते. बाहुली वर्गात नेली तर मुलांनी पहिलाच प्रश्न विचारला की याचे डोके असे का आहे, आणि मला उत्तर देता आले नाही. हे पात्र कोणी घडवले, त्याला हा आकार कसा आला, आणि ते कोणत्या मातीचे होते, हे कोणी नीट सांगू शकेल का? मुलांना अर्धवट माहिती द्यावी, असे मला वाटत नाही.

सिडकोकर यांचे उत्तर

मृण्मयीताई, तुमच्या मुलांनी अगदी नेमका प्रश्न विचारला आहे. त्या तिरक्या डोक्यामागे एका मुलाची त्याच्या वडिलांविषयीची आठवण आहे.

गम्बीचे निर्माते आर्ट क्लोकी. त्यांचा जन्म १९२१ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे झाला आणि त्यांचे मूळ आडनाव फॅरिंग्टन होते. आईवडील विभक्त झाले, पुढे वडील मोटार अपघातात गेले, आणि आईच्या दुसऱ्या पतीला हा मुलगा घरात नको होता, म्हणून त्याची रवानगी कॅलिफोर्नियातील मुलांच्या एका आश्रयगृहात झाली. तेथून त्याला जोसेफ क्लोकी या संगीतकाराने दत्तक घेतले. हे गृहस्थ पोमोना कॉलेजात संगीत शिकवत असत. त्यांनी या मुलाला चित्रकला शिकवली, प्रवासाला नेले आणि चलच्चित्राची गोडीही लावली. एका अनाथवत मुलाच्या वाट्याला असा माणूस आला नसता, तर आज आपण गम्बीविषयी बोलत नसतो, असे मला मनापासून वाटते.

आता डोक्याविषयी. जन्मदात्या वडिलांचे तरुणपणीचे एक छायाचित्र आर्ट यांच्या आठवणीत होते. त्यात वडिलांच्या केसांचा एक झुबका डोक्याच्या एका बाजूला उंच उभा राहिलेला दिसत असे. गम्बीच्या डोक्याचा उंचवटा त्या झुबक्यावरून घेतला आहे. बाकीच्या शरीराचा आकार आले घालून केलेल्या, माणसाच्या आकृतीच्या बिस्किटावरून आला, आणि ती कल्पना त्यांच्या पत्नी रूथ यांची होती. नावातही माती आहे. मिशिगनमध्ये आजोबांच्या शेतावर सुट्या घालवताना पावसानंतर जो चिकट चिखल होई, त्याला तेथे ‘गम्बो’ म्हणत, आणि त्यावरून ‘गम्बी’. काळ्या रानातल्या चिखलात ज्याच्या चपला रुतल्या आहेत, त्याला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

गम्बीच्या आधी एक लघुपट झाला. क्लोकी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात स्लावको वोर्कापिच यांच्याकडे चित्रपटाचे शिक्षण घेत होते. पडद्यावरील हालचालीचा परिणाम प्रेक्षकाच्या डोळ्यांवर आणि शरीरावर कसा होतो, हा वोर्कापिच यांच्या विचाराचा गाभा होता. त्या प्रभावाखाली क्लोकी यांनी १९५३ मध्ये ‘गम्बेसिया’ हा सुमारे ३ मिनिटांचा लघुपट केला. त्यात कथा नाही, माणूस नाही. जॅझ संगीताच्या तालावर मातीचे गोळे, चौकोन आणि वळ्या रूप बदलत राहतात. क्लोकी त्या वेळी सॅम एंगेल या चित्रपट निर्मात्याच्या मुलाची शिकवणी घेत असत. एंगेल यांनी हा लघुपट पाहिला, याच तंत्राने मुलांसाठी काही करावे असे सुचवले आणि पहिल्या नमुना-भागासाठी पैसेही दिले. मुलांना दूरदर्शन संचावर जे पाहायला मिळते त्याचा दर्जा सुधारावा, ही त्यांची इच्छा होती. एनबीसी वाहिनीवरील ‘हाउडी डूडी’ या कार्यक्रमातून १९५६ मध्ये गम्बी मुलांसमोर आला, आणि १९५७ मध्ये त्याला स्वतःचा कार्यक्रम मिळाला. सोबतीला पोकी हा नारिंगी घोडा होता, आणि त्याचा आवाज अनेक वर्षे स्वतः क्लोकी यांनीच दिला. गम्बी आणि पोकी कोणत्याही पुस्तकात शिरून त्या पुस्तकातल्या जगात वावरू शकत. मुलांसाठी याहून सुंदर सोय मला सुचत नाही.

गोदाकाठ यांचे उत्तर

मी जुन्या नाशकात मूर्ती घडवतो, त्यामुळे केवळ मातीविषयी लिहितो.

ताई, शाडू या कामासाठी नाहीच. शाडू ओला असेपर्यंत वळतो आणि पाणी उडाले की आकसतो; आकसताना जिथे जाडी कमी तिथे आधी भेग पडते, म्हणून हात आणि मान पहिल्यांदा जातात. मूर्तीला हे वाळणे हवेच असते, कारण त्यानंतरच रंग बसतो. तुम्हाला मात्र तीच बाहुली आठवडाभर रोज वाकवायची आहे. त्यासाठी पाण्याऐवजी तेल आणि मेण घालून मळलेली, कधीही न वाळणारी माती लागते. मुलांच्या खेळण्यांच्या दुकानात रंगीत कांड्यांच्या रूपात मिळते ती याच जातीची. आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे ती माती तुमच्याच पेशातल्या माणसाने शोधली. विल्यम हार्बट हे इंग्लंडमधील बाथ येथे कला शिकवत. विद्यार्थ्यांची शिल्पे वाळून खराब होतात, हीच त्यांचीही अडचण होती, आणि त्यातून १८९७ मध्ये त्यांनी प्लॅस्टिसिन तयार केले.

गम्बीचे चित्र मी मुद्दाम शोधून पाहिले. पायांकडे नीट लक्ष द्या. ते खाली येताना रुंद होतात आणि जवळपास एकमेकांना टेकतात. आम्ही मूर्तीला बैठक देतो ती शोभेसाठी नव्हे, वजन खाली राहावे म्हणून. या माणसाने पायांनाच बैठक केले आहे. मान बारीक ठेवलेली नाही, बोटे केलेली नाहीत, म्हणजे जिथून मोडेल असा भागच शिल्लक ठेवलेला नाही. आणि अंग चपटे असल्यामुळे माती पोळीसारखी लाटून साच्याने कापली, की पहिल्यासारखाच दुसरा गम्बी तयार. दिव्यांच्या उष्णतेने अशी माती मऊ पडते, तिच्यावर बोटांचे ठसे उमटतात आणि रंग मळतो. म्हणून एका पात्राच्या अनेक प्रती हाताशी असाव्याच लागतात. मुलांना नाकडोळे नीट करू द्या, पण पाय गम्बीसारखेच करायला सांगा.

मृण्मयी

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांच्या केसांची गोष्ट आज वर्गात सांगितली, तेव्हा एरवी फारसा न बोलणारा एक मुलगा उठून म्हणाला की तो आपल्या बाहुलीला आजोबांच्या मिशा लावणार आहे. आता त्याच मुलांनी दोन नवे प्रश्न दिले आहेत: गम्बी हिरवाच का, आणि तो एवढा लाडका होता तर पुढे दिसेनासा का झाला?

इंदिरानगरचा वाचक यांचे उत्तर

हिरव्या रंगाविषयी क्लोकी यांनी सांगितलेले कारण असे की हा रंग कोणत्याही एका वंशाच्या माणसाचा नाही. त्या काळातल्या अमेरिकेत मुलांच्या पात्रासाठी असा विचार करणे ही माझ्या मते लहान गोष्ट नव्हती.

दिसेनासा का झाला, याचे एकच कारण देता येणार नाही, पण क्लोकी यांच्या स्वभावाचा त्यात काही वाटा असावा. कार्यक्रम सुरू झाल्यानंतर सुमारे ७ वर्षे त्यांनी गम्बीची खेळणी बाजारात येऊ दिली नाहीत, कारण आपण मुलांच्या आडून पैसा काढतो आहोत, असे पालकांना वाटू नये, ही त्यांची भूमिका होती. तुमच्या आत्याने आणली तशी वाकणारी बाहुली १९६० च्या दशकाच्या मध्यावर आली. त्याच दशकात त्यांच्या स्टुडिओने लूथरपंथीय चर्चसाठी ‘डेव्ही अँड गोलायथ’ ही मुलांची मालिका याच तंत्राने केली. गम्बीच्या जगातही भर पडत गेली: प्रिकल हा पिवळा डायनासोर आणि गू हे निळे पात्र. जगात काटेरी (इंग्रजीत ‘प्रिकली’) आणि चिकट (‘गूई’) अशी दोन प्रकारची माणसे असतात, या तत्त्वचिंतक ॲलन वॉट्स यांच्या विचारावरून ही जोडी सुचली होती. मुलांच्या पात्रांच्या मुळाशी असे काही असेल, अशी माझी तरी कल्पना नव्हती.

१९७० च्या दशकात क्लोकी यांचे दिवस कठीण गेले. पहिला विवाह मोडला होता, मुलीचा मृत्यू झाला होता, आणि गम्बीला मागणी नव्हती. १९७९ मध्ये ते भारतात सत्य साईबाबांच्या दर्शनाला आले. (आपल्याकडे साईबाबा म्हटले की शिर्डीच आठवते, म्हणून स्पष्ट करतो, हे शिर्डीचे साईबाबा नव्हेत.) गम्बीची बाहुली त्यांनी हातात धरली होती, बाबांनी हात फिरवून तिच्यावर विभूती टाकली, आणि आपण घरी परतल्यावर गोष्टी बदलू लागल्या, असे क्लोकी पुढे सांगत असत. त्यांची श्रद्धा आपण त्यांच्याकडेच ठेवू या. मात्र त्यानंतर गम्बी परत आला, हे खरे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विनोदी अभिनेते एडी मर्फी यांनी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या अमेरिकी विनोदी कार्यक्रमात हिरवा फोमचा पोशाख चढवून चिडखोर, वयस्क गम्बी रंगवला आणि लोकांना मूळ पात्राची आठवण झाली. १९८८ मध्ये ९९ नवे भाग आले आणि १९९५ मध्ये चित्रपट. क्लोकी ८ जानेवारी २०१० रोजी वारले. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २०११ रोजी, त्यांच्या नव्वदाव्या जन्मदिनी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर मातीची अक्षरे आणि ही पात्रे मांडली होती.

मुलांना एक हिशेबही सांगा. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सुटी छायाचित्रे, असतात. प्रत्येक हालचाल दोन चौकटी टिकवली, तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० वेळा बाहुली हलवावी लागते. मुलांची चित्रफीत अर्ध्या मिनिटाची ठेवा.

त्र्यंबकचा पाहुणा यांचे उत्तर

वर सर्व लिहिले गेले आहे; मी फक्त घराजवळची एक जोड देतो. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० मध्ये आमच्या त्र्यंबकेश्वरी झाला. चित्रपटासाठी भांडवल मिळावे म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्याचे रोप क्षणांत वाढताना पडद्यावर दाखवले. पुढे १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट त्यांनी काड्या एकेका चौकटीला हलवून केला. म्हणजे तुमची मुले करणार आहेत तेच काम, गम्बीच्या सुमारे ४० वर्षे आधी, आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाने केले होते. तेल-माती मिळेपर्यंत मुलांचा हात बसावा म्हणून आगपेटीच्या काड्यांवर सराव करून घ्या. गुल आधी काढून टाका.

मृण्मयी

काड्यांचा सराव सोमवारपासून सुरू करते. तेल-मातीच्या हिरव्या, नारिंगी आणि पिवळ्या कांड्या आजच आणल्या आहेत, आणि गोदाकाठ दादांच्या सांगण्याप्रमाणे पोळपाटावर लाटून पहिला नमुना कापून पाहिला. तो संध्याकाळपासून माझ्या टेबलावर उभा आहे.